क्रिस्टिना रोझेटीच्या कवितेतला 'तू' नेमका कोणता?

निळीशाई

नमस्कार. प्रश्न भाषांतराचा आहे, पण तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

गेले आठ महिने रात्री सगळं आवरलं की मी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवयित्री क्रिस्टिना रोझेटीच्या कविता मराठीत करत बसते. छापण्यासाठी नाही. दोनशे पानी वही आहे, डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. एकोणीस कविता झाल्या. विसावी आहे 'ट्वाइस', 1864 सालची, आणि तिच्यापाशी तीन आठवडे अडकून पडले आहे. उजवं पान खोडून खोडून फाटलं, दुसरं चिकटवलं, तेही आता भरत आलं आहे.

कविता अशी आहे. एक बाई आपलं हृदय हातात घेऊन पुरुषाकडे जाते. स्वतः जाते, त्याने विचारायची वाट पाहत नाही. बाईचे बोल दुबळे, खरं तर तूच बोलायला हवंस, हेही ती सांगते आणि तरी बोलते. तो मित्रासारखा हसतो, ते हृदय हातात घेऊन पारखतो, खाली ठेवतो आणि म्हणतो, अजून पिकलेलं नाही, थांब जरा, शेतातलं धान्य तपकिरी होईपर्यंत थांब. खाली ठेवता ठेवताच ते फुटतं. ती हूं की चूं करत नाही. मग तेच फुटलेलं हृदय हातात घेऊन ती देवासमोर उभी राहते आणि म्हणते, आता तू पारख.

अडचण पहिली. इंग्रजीत ती पुरुषाला 'यू' म्हणते आणि देवाला 'दाऊ', म्हणजे जुनं एकेरी 'तू'. कविता कुठे वळली हे त्या एका शब्दावरून कानाला कळतं. मराठीत प्रियकरही तू आणि देवही तू. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे तीही सोय नाही. प्रियकराला 'तुम्ही' करून पाहिलं, तर ती बाई भलतीच परकी वाटायला लागली. देवाला 'आपण' करून पाहिलं, तर प्रार्थनेचा अर्ज झाला.

अडचण दुसरी. इंग्रजीतला 'मी' बाई की पुरुष हे सांगत नाही. मराठीत 'आले' की 'आलो' हे ठरवावंच लागतं. 'रिमेंबर' हे सुनीत तिने 1849 मध्ये लिहिलं, तेव्हा ती 18 वर्षांची होती. मी गेल्यावर माझी आठवण ठेव, पण आठवणीने दुःखी होणार असशील तर विसर आणि हस, असं त्यात आहे. बोलणारी बाई आहे असं मूळ कविता कुठेही म्हणत नाही. आम्हाला शाळेत ती त्यागी, सोशिक बाईची कविता म्हणून शिकवली होती. मी पहिल्या खर्ड्यात निमूटपणे 'गेले' लिहिलं, आणि नंतर मनात आलं, हे मी ठरवलं की त्या शिकवण्याने माझ्याकडून ठरवून घेतलं?

तिसरी गोष्ट भाषांतराची नाही. तिचं चरित्र वाचून मला राग आला होता. 1848 मध्ये जेम्स कॉलिन्सन या चित्रकाराशी तिचं लग्न ठरलं. तो आधी रोमन कॅथलिक झालेला होता. तिच्यासाठी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये परत आला, 1850 मध्ये पुन्हा कॅथलिक झाला आणि लग्न मोडलं. मग 1866 मध्ये चार्ल्स केलीने मागणी घातली. इटालियन कवी दान्तेचा अनुवादक, भाषांचा वेडा, मितभाषी माणूस. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. पण तो श्रद्धावान नव्हता, म्हणून ती नाही म्हणाली. पैशाची अडचण असेल म्हणून भाऊ विल्यमने दोघांना आपल्या घरी राहायला बोलावलं होतं. तिने कळवलं की पैसा हाच काय तो अडसर असता तर बरं झालं असतं. केली 1883 मध्ये वारला, तोवर मैत्री टिकली. ती 1894 मध्ये गेली, अविवाहित.

माझी एक मावशी अविवाहित होती. सायंकाळी देवापुढे तासभर बसायची. ती का तशी राहिली याची घरात चार कारणं सांगितली जायची, प्रत्येक सांगणाऱ्याचं वेगळं. तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. आता ती नाही. त्यामुळे रोझेटीचं चरित्र वाचताना माझं मन कोरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

तर विचारायचं असं: देवाने या बाईचं आयुष्य खाल्लं का? आणि तसं असेल तर 'ट्वाइस'मधल्या दुसऱ्या 'तू'ला मी प्रेमाने कशी लिहू?

पानगळ

निळीशाई, तुमचा राग ओळखीचा आहे. मी 30 वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा याच रागात शिकवलं. वर्गात फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकीकडे प्रेम, दुसरीकडे धर्म, आणि मधोमध कवयित्री चिरडलेली. विद्यार्थ्यांना ते लगेच पटायचं. आज ते रकाने मला पुसून टाकावेसे वाटतात, आणि का ते तुमच्या निमित्ताने सांगते.

आधी हे पाहा, की 1866 मध्ये तिने 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्नानंतर बाईची कमाई नवऱ्याची होत असे. ती कमाई बायकोची स्वतःची ठरली ती 1870 च्या कायद्याने, आणि सगळ्या मालमत्तेवर हक्क मिळायला 1882 उजाडलं. म्हणजे 'गॉब्लिन मार्केट'च्या संग्रहाचे प्रकाशक मॅकमिलनकडून येणारे पैसेसुद्धा कायद्याने केलीचे झाले असते. केली भला माणूस होता, त्याने एक पै घेतली नसती. पण कायद्याला भलेपणाशी देणंघेणं नव्हतं. 1857 च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य, सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे.

याच काळात कॉव्हेन्ट्री पॅटमोरचं 'द एंजल इन द हाउस' हे दीर्घकाव्य भागाभागाने येत होतं, 1854 पासून. पुरुषाला रिझवावं आणि त्यातच बाईने सुख मानावं, हे त्यात मनापासून, भक्तीने लिहिलेलं आहे. त्याने ते आपल्या पत्नीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं, आणि 1862 मध्ये ती गेली. त्याचं प्रेम खोटं नव्हतं असं मला वाटतं. पण त्या घरात देवदूत व्हायचं म्हणजे बाईच्या आत्म्याचा हिशेब नवऱ्याच्या दारातून जाणार.

क्रिस्टिना ज्या चर्चमध्ये जायची, ऑल्बनी स्ट्रीटवरचं क्राइस्ट चर्च, तिथे ऑक्सफर्ड चळवळीचं, म्हणजे अँग्लिकन चर्चमध्ये जुन्या कॅथलिक परंपरा परत आणू पाहणाऱ्या चळवळीचं वारं होतं. त्या चळवळीतून 1845 मध्ये, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतरचा पहिला अँग्लिकन भगिनीसंघ (जोगिणींचा संघ) त्या चर्चजवळच, पार्क व्हिलेजमध्ये निघाला. त्या एका गोष्टीने किती लोक बिथरले! कुलीन घरातल्या मुली बापाला किंवा नवऱ्याला न जुमानता एकत्र राहतात, काम करतात, स्वतःचे नियम करतात, आणि अडवलं तर म्हणतात की देवाने बोलावलं आहे. त्यावर बापाकडे उत्तर नसे. क्रिस्टिनाची सख्खी बहीण मरिया 1873 मध्ये अशाच एका संघात गेली. क्रिस्टिना स्वतः गेली नाही, पण 1859 पासून काही वर्षं हायगेटच्या एका आश्रमात काम करत होती, समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठीचा तो आश्रम. 'गॉब्लिन मार्केट' त्याच वर्षीचं.

आणि 'गॉब्लिन मार्केट' कशाची गोष्ट आहे? लॉरा फळांसाठी आपली सोनेरी बट देते, खाते आणि खंगत जाते. तिला वाचवायला राजपुत्र येत नाही. बहीण येते. लिझी चांदीचं नाणं घेऊन जाते, ते व्यापारी तिच्या तोंडावर फळं चिरडतात, आणि ती ओठ उघडत नाही. एक थेंब आत जाऊ देत नाही. शेवटी नाणं तिला परत फेकून दिलं जातं. पिशवीत नाणं खुळखुळवत ती घरी पळते आणि बहिणीला म्हणते, मला खा, मला पी, माझ्यावर प्रेम कर. ख्रिस्ताचे शब्द एका मुलीच्या तोंडी! 1862 मध्ये हे छापणाऱ्या कवयित्रीला देवाने खाल्लं असं मला म्हणवत नाही. तिने देवाची जागा घेऊन पाहिली आहे.

लिझीचे ते मिटलेले ओठ लक्षात ठेवून क्रिस्टिनाचे दोन नकार पुन्हा वाचा.

सरळरेघ

पानगळ ताईंचा प्रतिसाद आवडला, पण मला तो फार उदार वाटतो. नकारात ताकद होती हे मान्य. नकार द्यावा लागला ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. 21 वर्षांपूर्वी मी माझ्या आयुष्यात श्रद्धेच्याच कारणावरून एक 'नाही' ऐकलं आहे, तेव्हा ही कविता माझ्यासाठी नुसती कविता नाही. त्या 'नाही'ला मोठेपणा देणं मला अजून जमत नाही.

मी त्याच काळातली कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिच्या बाजूचा आहे. तिच्याकडेही श्रद्धा होती, खोल होती, लहानपणापासूनची होती. आणि तिचा बाप तर आपल्या कोणत्याच मुलाचं लग्न होऊ द्यायला तयार नव्हता. ती चाळिशीला टेकलेली, आजारी, विम्पोल स्ट्रीटवरच्या खोलीत बंद. कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं पहिलं पत्र आलं 10 जानेवारी 1845 ला. तुमच्या कवितांवर माझं मनापासून प्रेम आहे असं सुरू करून त्याच पत्रात तो म्हणाला की तुमच्यावरही आहे. 12 सप्टेंबर 1846 ला तिने सेंट मॅरिलबोन चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं, घरी परत आली, आणि आठवड्याने इटलीला निघून गेली. बापाने तिची पत्रं न फोडता परत केली. मरेपर्यंत क्षमा केली नाही.

ही बाई 44 सुनीतं लिहिते, 1850 मध्ये छापते. पहिल्याच सुनीतात कोणीतरी मागून तिचे केस धरून ओढतं आणि विचारतं, ओळख कोण? ती म्हणते, मृत्यू. उत्तर येतं, मृत्यू नाही, प्रेम. पुढे त्रेचाळिसाव्यात ती म्हणते की बालपणीच्या श्रद्धेने मी तुझ्यावर प्रेम करते, आणि हरवलेल्या संतांबरोबर जे प्रेम हरवलं असं वाटलं होतं, त्या प्रेमाने करते. देवावरचं प्रेम तिथे आटत नाही, माणसाकडे वाहत येतं. निळीशाई, तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे एलिझाबेथ त्या सुनीतांत नवऱ्याला 'दाऊ' म्हणते, त्याचंच रूप 'दी' म्हणते. देवासाठी राखून ठेवलेलं सर्वनाम ती माणसाला देते. क्रिस्टिनाला ते देववलं नाही, एवढाच दोघींतला फरक, आणि तो मला फार मोठा वाटतो.

आणि आणखी एक गोष्ट बोलायला हवी. 1889 मध्ये स्त्रियांना मताधिकार नको अशा निवेदनावर सह्या झाल्या, त्यात क्रिस्टिना रोझेटीचं नाव आहे. एलिझाबेथने 1856 मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठीच्या अर्जावर सही केली होती. ताई, बहिणीसाठी फळं तोंडावर झेलणारी लिझी तिथे कुठे गेली?

पानगळ

सरळरेघ, तुम्ही तुमचं 'नाही' इथे सांगितलंत, त्याबद्दल आधी आभार. ते मोठं मानावंच असं मी म्हणणार नाही.

सहीबद्दल. ती आहे, आणि मला ती टोचते. झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ऑगस्टा वेब्स्टर या कवयित्रीने, म्हणजे मताधिकाराच्या खंद्या पुरस्कर्तीने, क्रिस्टिनाकडे पाठिंबा मागितला होता, तेव्हाचं तिचं उत्तरही वाचा. स्त्रीपुरुषांतला भेद बायबलने गृहीत धरलेला आहे असं सांगून ती नकार देते. आणि मग त्याच पत्रात लिहिते, की मत नसल्यामुळे बायकांचे हक्क चिरडले जाणारच असतील, तर मी तुमच्याही पुढे जाईन, स्त्रियांनी खासदारच व्हायला हवं असं म्हणेन. पुढे आईच्या प्रेमाबद्दल लिहिते, की स्त्रीपुरुषांतली भिंत कशाने कोसळायची असेल तर या प्रेमाने कोसळेल. एका पत्रात एवढं सगळं आहे. तिची श्रद्धा तिला मागे ओढते आणि तीच श्रद्धा कुणालाही झेपणार नाही एवढं पुढे नेते. ही ओढाताण तिने सोडवली असं मला वाटत नाही. ती तिच्यात राहिली.

तुमच्या एलिझाबेथबद्दल एकच. तिच्या 'अरोरा ली' या दीर्घकाव्यात, विसाव्या वाढदिवशी, नायिका लग्नाची मागणी घालणाऱ्या रॉमनीला काय सांगते? नाहीच सांगते. तुला समाजकार्याला मदतनीस हवी आहे, मी नको आहे, असं म्हणून ती निघून जाते, कविता लिहून पोट भरते. ज्या कवयित्रीला स्वतःला सुखाचं 'हो' मिळालं, तिनेही आपल्या नायिकेला आधी 'नाही' म्हणायला लावलं. त्या काळातल्या बाईला 'हो' खरं करायचं तर तिचं 'नाही' आधी खरं ठरायला हवं होतं.

उत्तररात्र

मी इथे बहुधा वाचतच असते. पण इटालियन थोडं येतं म्हणून लिहावंसं वाटलं, कारण निळीशाईंच्या पहिल्या अडचणीचं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

रोझेटीचे वडील इटलीतून परागंदा झालेले कवी. घरात इटालियन होतीच. क्रिस्टिनाने 1862 ते 1868 या काळात एक इटालियन कवितांची माळ लिहिली, 'इल रोसेज्जार देल्लोरिएन्ते', म्हणजे पूर्वेला तांबडं फुटतं ते. 21 कविता. केलीसाठी. कोणाला दाखवल्या नाहीत, मेजाच्या खणात ठेवल्या. ती गेल्यावर विल्यमला सापडल्या.

त्यातली पहिली, निरोपाची आहे. प्रिय मित्रा, निरोप. मला प्रेमाची मुभा नाही. पुढच्या जन्मातल्या, म्हणजे मरणापलीकडच्या जीवनासाठीच्या आशा मी तुला वाहते, आणि या जीवनासाठी आठवणी, कितीतरी, कितीतरी. अगदी छोट्या ओळी आहेत, श्वास धरून लिहिल्यासारख्या.

मुद्दा असा: इटालियनमध्ये मित्रही 'तू' आणि देवही 'तू'. मराठीसारखंच. इंग्रजीत तिला निवडावं लागत होतं, हा 'यू' आणि तो 'दाऊ'. खणातल्या भाषेत निवडावं लागत नव्हतं. तेव्हा तुमच्या वहीच्या उजव्या पानावर दोन्हीकडे 'तू' येतो त्यात मला काही हरवलेलं दिसत नाही. ती कविता खणातल्या भाषेच्या जवळ गेली आहे.

सरळरेघ

उत्तररात्र, हे मला माहीत नव्हतं. मग माझं वरचं वाक्य मागे घेतो. तिला ते देववलं होतं, फक्त कुणाला ऐकू जाणार नाही अशा भाषेत.

निळीशाई

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण वही घेऊन बसले होते.

आधी 'मी'चं सांगते, ते लवकर सुटलं. 'रिमेंबर' पुन्हा वाचलं. त्यात सगळं आज्ञार्थी नाहीतर पुढच्या काळातलं आहे. 'मी गेल्यावर', 'आठव मला', 'विसर आणि हस'. मराठीतसुद्धा लिंग न सांगता जवळजवळ अख्खं सुनीत निभतं, फक्त मी ते करून पाहिलं नव्हतं. आणि ते करताना एक ओळ पहिल्यांदा नीट दिसली: आपल्या भविष्याबद्दल तू मला सांगायचास, जे तू आखलं होतंस. आपलं भविष्य, तू आखलेलं! 18 वर्षांच्या पोरीने ते दोन शब्द किती शांतपणे शेजारी ठेवले आहेत. शाळेत त्या ओळीवर कोणी बोट ठेवलं नाही.

तुमचे प्रतिसाद वाचून मग 'मोना इनॉमिनाता' काढलं, 1881 मधली तिची 14 सुनीतांची माळ. त्याच्या प्रस्तावनेत ती म्हणते की दान्तेची बिआत्रिचे आणि पेट्रार्कची लॉरा यांना कवींनी अजरामर केलं खरं, त्या झळाळतात, पण त्यांच्याकडे ओढा वाटत नाही. त्यांच्याआधी कितीतरी निनावी बायका होत्या ज्यांच्यावर कविता झाल्या. त्यांतल्या एखादीने स्वतः लिहिलं असतं तर? आणि त्या दोघांमध्ये एक भिंत असती, दोघांनीही पवित्र मानलेली. 'दोघांनीही' या शब्दापाशी मी थांबले. चरित्र वाचताना मी धरूनच चालले होते की भिंत तिची, आणि केली बिचारा पलीकडे. सहाव्या सुनीतात तर पुरुषच तिला लटकं रागावलेला आहे, आणि ती म्हणते, तुला हवं आहे तसंच मी देवावर जास्त प्रेम करते. पण मला जेवढं उमगतं तेवढं सांगते, त्याच्यावर प्रेम नसेल तर तुझ्यावर करता येत नाही, आणि तुझ्यावर नसेल तर त्याच्यावर करता येत नाही. पानगळताईंनी फळ्यावरचे रकाने पुसावेसे वाटतात म्हटलं. या ओळींनी ते पुसले जातात. सरळरेघ, तुमची एलिझाबेथही त्या प्रस्तावनेत आहे, नाव न घेता. आपल्या देशाची थोर कवयित्री सुखी नसती तर अशी निनावी बाई तिनेच अधिक चांगली लिहिली असती, असं क्रिस्टिना म्हणते. त्यात मला असूया दिसली नाही. दोघींनी एकाच घरातल्या दोन खोल्या वाटून घ्याव्यात तसं वाटलं.

चित्रांचंही मनात आलं. मोठा भाऊ दान्ते गॅब्रिएल याने कुमारी मरियेची पहिली दोन मोठी चित्रं काढली तेव्हा मरियेसाठी समोर बसली होती क्रिस्टिना. दुसऱ्या चित्रात देवदूत आला आहे आणि ती बिछान्यावर भिंतीशी अंग चोरून बसली आहे. म्हणजे श्रद्धावान बाई कशी दिसावी हे पुरुषाने काढत असताना ती तासन्‌तास न हलता बसली आहे. पुढे 1856 मध्ये 'इन ॲन आर्टिस्ट्स स्टुडिओ'मध्ये तिने लिहिलं की चित्रकाराच्या सगळ्या चित्रांतून एकच चेहरा पाहतो आहे, ती आहे तशी नाही, त्याच्या स्वप्नात बसते तशी. ते तिने हयातीत छापलं नाही.

म्हणून 'ट्वाइस'मध्ये ती देवाला 'आतून आणि बाहेरून पारख' म्हणते, त्याचं वजन मला आत्ता कळलं. तिला बाहेरून पाहणारे घरातच होते.

आता 'तू'. उत्तररात्र, तुमचं उत्तर वाचलं त्या रात्री मी इंग्रजी पान पुन्हा अक्षर न्‌ अक्षर पाहिलं, आणि जे तीन आठवडे डोळ्यांसमोर होतं ते दिसलं. पुरुषाला मारलेली हाक, 'माय लव्ह, माय लव्ह', ती कंसात आहे. देवाला मारलेली हाक, 'माय गॉड, माय गॉड', तिला कंस नाही. पहिली हाक ती मनातल्या मनात मारते, मोठ्याने म्हणायची तिला मुभाच नाही. दुसरी खुल्या आवाजात. म्हणजे फरक सर्वनामावर सोडलेलाच नव्हता. सर्वनामं माझ्या भाषेत एक झाली तरी कंस माझ्या हातात आहेत.

देवाने तिचं आयुष्य खाल्लं का, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही. एवढं दिसलं, की जिथे तिचा आवाज कंसातून बाहेर येतो ती जागा ही आहे. मावशी तासभर काय बोलत असेल, हे त्या अंगाने आज पहिल्यांदा मनात आलं.

'मी'चाही निकाल याच कवितेत लागला. इथे ती स्वतःला उघड बाई म्हणवते, तेव्हा क्रियापदं बाईचीच. आणि शेवटच्या कडव्यात इंग्रजीत जे सांगता येत नाही ते मराठी फुकट देऊन गेली: 'आहे ते' आणि 'आहे ती'. शेवटच्या ओळीतला 'फार' मी तीनदा काढला आणि तीनदा परत घातला. फुटल्यापासून मी प्रश्न विचारले नाहीत असं ती मधल्या कडव्यात म्हणते. देवासमोर मात्र 'फार विचारणार नाही' म्हणते. थोडं विचारायचं तिने राखून ठेवलं आहे.

पहिलं आणि शेवटचं कडवं देते. चुका सांगा.

हृदय माझे मीच हाती घेतले
(जिवलगा, अरे जिवलगा),
म्हटले, पडेन की तगेन,
जगेन की मरेन,
एकदाच माझे ऐकून घे
(जिवलगा, अरे जिवलगा).
पण बाईचे बोल दुबळे,
बोलायचे तू, मी नव्हे.

हृदय हाती घेऊन आले आहे.
मरणार नाही, जगेन.
तुझ्या समोर उभी आहे,
मी, अशांनाच तू बोलावतोस.
आहे ते सारे आणले,
आहे ती सारी दिली.
तू हस, मी गाईन,
फार विचारणार नाही.

पानगळ

'आहे ती सारी दिली.' याला हात लावू नका. 'तगेन' मात्र पुन्हा पाहा. तिथे मुळात उभं राहणं आहे आणि शेवटच्या कडव्यात ती 'उभी आहे' म्हणते. तो धागा पहिल्या कडव्यातच बांधलेला आहे.

निळीशाई

'पडेन की उभी राहीन.' बदललं. वहीत पेनाने लिहिलं.